दोर तंग होता, तांडेल काका

आदरणीय तांडेल काका,
सादर नमस्कार.

हे पत्र हातात पडताच तुम्ही "ह्या कित्याक गो बाय?" असे म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तोंडाने आभार मानायला मी दोनदा तुमच्या घरी आले, पण दोन्ही वेळा तुम्ही विषय पावसाकडे आणि जाळ्यांकडे वळवलात, आणि मलाही गळा दाटून आल्याने पुढे बोलता आले नाही. म्हणून चार लोकांसमोर लिहीत आहे. तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील.

१५ मे २०२१, शनिवार. आदल्याच दिवशी अक्षय्य तृतीया झाली होती. बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता, तौक्ते वादळ दक्षिणेकडून वर सरकत होते, आणि आमच्या जुव्यावर, म्हणजे खाडीतल्या लहानशा बेटावर, सहा लाकडी कॉटेजच्या त्या आवारात, आम्ही सहा माणसे होतो. एप्रिलमध्ये कोरोनाचे निर्बंध लागल्यापासून आमच्याकडेच राहिलेले पुण्याचे जोडपे, त्यांची चार वर्षांची मुलगी, आमचा आचारी, त्याची म्हातारी आई आणि मी. कॉटेजची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे या सगळ्यांची जबाबदारीही माझीच होती.

त्या सकाळी मी किती फोन केले, याची मोजदाद नाही. ज्या यांत्रिक होडीवाल्याला आम्ही वर्षभर महिन्याच्या महिन्याला पैसे देत आलो, त्याने "दुपारी येतो" असे सांगितले आणि दुपारी त्याचा फोन बंद झाला. एका कार्यालयातून उत्तर मिळाले की वादळ समुद्रातूनच गुजरातकडे जाणार आहे, आपल्या किनाऱ्याला लागणार नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. तौक्ते सोमवारी, १७ तारखेच्या रात्री, सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले. मात्र जे वादळ जमिनीवर न चढता किनाऱ्याच्या कडेकडेने वर जाते, ते वाटेतल्या प्रत्येक गावाला झोडपत जाते, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला ठाऊक नव्हते किंवा ठाऊक करून घ्यायचे नव्हते. तुम्हाला ते ठाऊक होते, कारण २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले तेव्हा तुम्ही समुद्रात होता. त्या फोनवरचा सहज, निश्चिंत आवाज आठवला की मला आजही राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

तुम्हाला कोणीही बोलावले नव्हते. पलीकडच्या काठावरून तुम्हाला आमच्या दोरीवर वाळत असलेले त्या लहान मुलीचे फ्रॉक दिसले आणि जुव्यावरची माणसे अजून हललेली नाहीत हे तुम्ही ओळखलेत. तोपर्यंत तुम्ही तुमची मोठी होडी कांदळवनात आत नेऊन बांधलीही होती. मग लहान होडी काढून तुम्ही वल्हवत आलात. पहिल्या खेपेला मुलीला आणि तिच्या आईवडिलांना नेलेत, दुसऱ्या खेपेला म्हातारीला. तिसऱ्यांदा आलात तेव्हा खाडीचे पाणी पांढरे झाले होते. आता दोन माणसे घेऊन पाण्यात उतरण्यापेक्षा चिऱ्याच्या स्वयंपाकघरात राहणे बरे, असे तुम्ही मला आणि आचाऱ्याला स्पष्ट सांगितलेत. खोटा धीर दिला नाहीत, याबद्दलही मी तुमची ऋणी आहे.

परंतु ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले ती याच्या पुढची आहे. तुम्ही होडीतून नायलॉनचा जाड दोर काढलात आणि स्वयंपाकघराच्या पत्र्यांवरून त्याचे दोन वेढे घेतलेत. आचाऱ्याने तो माडाला बांधायला घेतला, तेव्हा "माडाक नको रे, माड हालता" असे म्हणून तुम्ही त्याचे एक टोक विहिरीच्या चिरेबंदी कठड्याला आवळलेत. दुसरे टोक खिडकीतून आत आणून मधल्या खांबाला बांधलेत. वारा आधी पूर्वेचा असेल, मग दक्षिणेकडे फिरेल आणि तेव्हा खरा जोर येईल, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला फळी ठोकायला सांगितलीत. आणि निघताना, अंगावरून पाणी निथळत असताना, तुम्ही माझा हात धरून त्या दोरावर ठेवलात. "दोर तंग आसा तवसर भियाचा नाय," इतकेच बोललात आणि गेलात.

काका, रात्री दहाच्या सुमारास वीज गेली आणि थोड्याच वेळात मोबाइलची रेंजही गेली. त्यानंतर छप्पर जागेवर आहे की नाही हे समजायला आम्हाला दुसरा मार्ग नव्हता. पत्रे असे वाजत होते की प्रत्येक वेळी छप्पर उडालेच असे वाटे, आणि प्रत्येक वेळी माझा हात दोराकडे जाई. तो तंग असे. वाऱ्याचा झोत आला की तो तळहाताखाली तारेसारखा थरथरे, झोत ओसरला की शांत होई, पण ढिला पडला नाही. रविवारी सकाळी वारा तुम्ही सांगितल्याप्रमाणे दक्षिणेचा झाला, बाहेर एकामागून एक माड कोसळल्याचे आवाज आले, तीन कॉटेजची छपरे गेली. आम्ही दोघे आलटून पालटून दोर धरून बसलो होतो. माझ्या तळहातावर त्याचा वळ चार दिवस होता.

सोमवारी उजाडता तुम्ही पिण्याच्या पाण्याची कळशी आणि पेजेचे भांडे घेऊन आलात. नुकसानीबद्दल एक शब्द न विचारता आधी आम्हाला जेवू घातलेत. तुमच्या मागच्या पडवीची कौले त्याच वादळात उडाली, हे मला आठ दिवसांनी कळले, तेही तुमच्या सुनेकडून.

माणुसकी आटली असे आपल्याकडे उठता बसता म्हटले जाते आणि मीही तसे म्हणत आले आहे. यापुढे म्हणणार नाही. ज्या काठावर माणसे शेजारच्या घरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा बघून जातात, तिथे ती आटलेली नसते, आपणच तिच्याकडे पाहायचे सोडलेले असते. तुम्हाला कोणी कागद दिला नव्हता, पगार नव्हता, जबाबदारीही नव्हती. ज्यांच्याकडे हे सगळे होते त्यांच्यापैकी एकानेही नंतर विचारपूस केलेली नाही.

आता पाऊस लागला आहे, मासेमारी जुलैअखेरपर्यंत बंद आहे, तुमची होडी वर ओढून झापांनी शाकारलेली मी परवाच पाहिली. पडवीच्या कौलांचे देणे आमच्याकडे लागले आहे, त्याला कृपा करून नाही म्हणू नका. तुमचा दोर मात्र अजून आमच्या पत्र्यांवरच आहे. विहिरीकडचे टोक आचाऱ्याने सोडले, पण खांबाची गाठ आम्हा दोघांनाही सुटत नाही. ती सोडायला तुम्हालाच यावे लागेल. येताना काकींनाही घेऊन या आणि दुपारचे जेवण आमच्याकडेच करा.

तुमची,
जुव्यावरची बाय