आधी रेवदंड्याच्या कोटात उतरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पोर्तुगालमधल्या ओबिदुश गावावरचा लेख वाचला. लेख छानच होता, फोटो पण मस्त. राजा दिनिशने १२८२ साली लग्नात राणी इसाबेलला हे गाव भेट दिलं, तटावरून चालत गाव बघता येतं, सांतियागो चर्चमध्ये आता पुस्तकांचं दुकान आहे, चॉकलेटच्या इवल्याशा कपातून चेरीची दारू देतात, हे सगळं वाचून आमच्या घरात लगेच व्हिसा आणि तिकिटांच्या गप्पा सुरू झाल्या. त्यात वावगं काहीच नाही, ज्याला जमतं त्याने जरूर जावं. पण मी राहतो चौलला, आणि आमच्या शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांनी वसवलेलं, तटबंदीच्या आत अजूनही माणसं राहतात असं अख्खं गाव उभं आहे, आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या शेकडो गाड्या त्या तटातून आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात आणि मुरुड गाठतात, काच खाली करून कोणी बघत सुद्धा नाही. याचं मनापासून वाईट वाटतं म्हणून हे पत्र.

अलिबागहून सतरा-अठरा किलोमीटरवर रस्ता तटाला भिडतो आणि आत जातो. तुम्ही किल्ल्याच्या आत आलात हे सांगणारं तिथे ठळक असं काही नाही. पावसाळ्यात तर तटावर इतकं रान माजतं की दगड दिसतच नाहीत. मग दोन्ही बाजूला नारळ-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, दुकानं, बाजार सुरू होतो, आणि बाहेरचा माणूस समजतो की कोकणातलं एक गाव गेलं.

आता हे गाव काय आहे ते सांगतो. रेवदंडा हा जुन्या चौल बंदराचाच भाग, आणि चौल बंदर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं, अरब प्रवासी याला सैमूर म्हणायचे, अल-मसुदी दहाव्या शतकात इथे येऊन गेलाय. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला, त्याचं स्मारक आजही रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे, बघायला कोणी जात नाही ते सोडा. मग १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं, त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथेच मारला गेला. हिंदी महासागरातला पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव आमच्या दारात झाला आणि आमच्या पोरांना तो माहीत नाही. पुढे निजामशाहीकडून पोर्तुगीजांना वखारीची आणि मग कोटाची परवानगी मिळाली, १५२४ मध्ये कोट बांधून झाला आणि हळूहळू त्याच्या भोवती शहर वाढलं. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने कित्येक महिने वेढा घातला तरी कोट पडला नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने वेढा दिला होता. शेवटी वसई पडल्यावर १७४० च्या तहात चौल मराठ्यांकडे आलं. चिमाजी अप्पांची वसई सगळ्यांना पाठ असते, त्या मोहिमेचं शेवटचं पान इथे आहे हे कोणी सांगत नाही.

आणि बघायला काय आहे म्हणाल तर खूप आहे, फक्त चालायला हवं. रस्ता सोडून वाड्यांमधल्या वाटेला लागलात की पोफळींच्या वर अचानक एक उंच मनोरा दिसतो, त्याला आम्ही सातखणी म्हणतो. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या चर्चचा तो बुरुज, वरचे मजले पडलेत पण उरलेला भाग अजून सरळ उभा आहे. पायथ्याशी तोफा आहेत. मनोऱ्याच्या अंगावर पिंपळाने मुळं घातलीत आणि ती चुन्याच्या सांध्यात शिरून दगड आतून ढिले करतात. दुपारच्या उन्हात जवळून हात लावून बघा, चुना बोटाला भुकटी होऊन लागतो. अशा मनोऱ्याला एखादा जोराचा पावसाळा पुरे. तिथून पुढे डॉमिनिकन आणि जेझुइट हे असेच दुसरे पंथ, त्यातल्या डॉमिनिकन लोकांच्या चर्चच्या भिंती आणि कमानी, जेझुइटांच्या मठाचे अवशेष, सगळं कोणाच्या ना कोणाच्या वाडीत. एका कमानीखाली शिंपण्याचा पाट वाहताना मी बघितलाय, पाण्याच्या कडेला अळू लावलेलं आणि वर चारशे वर्षांचा दगड. मग समुद्राच्या बाजूला तट थेट काळ्या वाळूपर्यंत येतो, भरतीला लाटा पायथ्याशी येतात. तिथली पडझड सगळ्यात जास्त.

काही लोक म्हणतात पोर्तुगीजांचं कशाला जपायचं, त्यांनी देवळं पाडली, जुलूम केले. केले ना, नाकारतोय कोण. पण हे दगड फोडले आणि वाहिले ते इथल्याच माणसांनी, आणि तो कोट मिळवायला रक्तही इथल्याच माणसांचं सांडलंय. जुलमाची आठवण ठेवायची असेल तरी ती जागा उभी लागते. शिवाय रेवदंडा एकट्या पोर्तुगीजांचं कधीच नव्हतं, बेने इस्रायल ज्यू लोकांचं सिनेगॉग गावात आहे, मशिदी आहेत, कोळीवाडा आहे, शेजारी चौलला रामेश्वराचं देऊळ आणि टेकडीवरचा दत्त आहे. दत्ताच्या जत्रेला येणारी हजारो माणसं सुद्धा कोटात डोकावत नाहीत.

आता ओबिदुशवाल्यांनी जे केलं त्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही ते माझ्या मते स्पष्ट आहे. तिथल्या किल्ल्यात हॉटेल आहे, इथे तसलं काही नको, कोटातल्या जमिनी एकदा हॉटेलवाल्यांकडे गेल्या की वाड्या संपल्या. घ्यायचं ते एवढंच की तटाच्या आत माणसं राहतात आणि पाहुण्याला चालायला वाट पण आहे, दोन्ही एकत्र जमतं. इथे आत राहणाऱ्यांची बाजू कोणी विचारत नाही. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी, पुढच्या दोनशे मीटरवर परवानगी लागते, आणि अख्खं गावच कोटात म्हटल्यावर घराची पडवी नीट करायची तरी कागद फिरवावे लागतात. नियम हवेतच, पण ज्याच्या वाडीत भिंत आहे त्याच्या वाट्याला फक्त बंधन आणि फायदा शून्य, मग तो भिंतीवरचं झाड कशाला तोडेल आणि कशासाठी तोडेल? वाडीमालकांना विचारून, त्यांना वर्षाला काही ठराविक मोबदला देऊन एक चालायची वाट आखली, वाटेवर मराठीत चार ओळींचे बोर्ड लावले, आणि गावातल्या पोरा-पोरींना शिकवून वाटाडे केलं तर फार मोठा खर्च नाही. एवढं तर ग्रामपंचायत, पर्यटनवाले आणि पुरातत्त्ववाले एका टेबलावर बसले तर एका हंगामात होईल.

येणाऱ्यांना पण एक विनंती. वाडीला बेडं (फाटक) लावलेलं असेल तर ते सरकवून सरळ आत घुसू नका, हाक मारा, इथली माणसं नाही म्हणत नाहीत, उलट शहाळं काढून देतील. ड्रोन उडवून पडवीत वाळत घातलेल्या कपड्यांचे रील बनवू नका. आणि पूल ओलांडून कोर्लईला गेलात तर तिथे जास्त जपून. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या धारेवर आहे, दीपगृहाकडून वर चढा, वरून खाडी आणि समोर रेवदंड्याचा कोट दोन्ही दिसतात आणि हे बंदर एवढं मोलाचं का होतं ते न सांगता कळतं. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली घरात बोलतात, बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास राहिलेत. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली तरी आयांनी ती मुलांना शिकवली. त्या बायका मासे सुकवायला बसल्या असताना तोंडापुढे मोबाईल धरून "काहीतरी बोलून दाखवा ना" म्हणणारी माणसं मी पाहिलीत, मला शरम वाटली. ओळख काढा, सोडे-बोंबील विकत घ्या, बसून गप्पा मारा, बोली आपोआप कानावर पडेल.

शेवटचं म्हणजे गाड्या. मुंबईहून मांडव्याला गाड्या आणणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून गर्दी आधीच वाढली आहे आणि रेवस-रेड्डी सागरी मार्ग झाला की आणखी वाढणार. पार्किंग कोटाच्या बाहेर करायचं, पाहुण्यांच्या गाड्या तिथेच थांबवायच्या आणि आत पायी किंवा रिक्षाने सोडायचं, हे आत्ताच ठरवायला हवं, कारण एकदा रस्ता रुंद करायला म्हणून तट फोडला की तो परत बांधून मिळणार नाही. तालुक्याच्या बैठकीत हा विषय यावा म्हणून आम्ही काही जण निवेदन देणार आहोत, तुमच्या वार्ताहराने त्या दिवशी यावं एवढी विनंती.

आपला,
एक वाचक
चौल, ता. अलिबाग, जि. रायगड