कॅम्पातल्या पियानोच्या बाईंना अनावृत पत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ट शोनबर्ग यांच्या ‘पिएरो ल्युनेर’ या आवाज आणि वाद्यांसाठीच्या रचनेतील पहिल्या कवितेचे मराठी रूपांतर मी बेळगावच्या रंगमंचावर सादर केले, ते केवळ आपल्यामुळे. आपले आभार मानायला बसले की अजूनही गळा दाटून येतो.

आधीच्या गायनवर्गात ‘हिचा सूर टिकत नाही’ म्हणून मला मागे बसवले गेले आणि नाटकाच्या तालमीत ‘संवाद गाऊ नकोस, सरळ बोल’ असे सर्वांदेखत सुनावले गेले. गाणे आणि बोलणे यांच्या मधल्या ‘श्प्रेशगेझांग’ या रीतीत १९१२ साली एकवीस कवितांची ही रचना झाली, तीही अल्बर्टिने त्सेमे या अभिनेत्रीसाठी, हे जाणून घ्यायची तसदी कोणीच घेतली नाही. ठाऊक नसेल तर तसे सांगावे; शिकणाऱ्याचा पाणउतारा कशासाठी करावा?

आपण प्रथम या रचनेच्या लिखित स्वरलिपीतल्या स्वरचिन्हांच्या दांड्यांवरच्या फुल्या दाखवल्यात; हा स्वर गायचा नाही, बोलायचा, अशी ती खूण. लय गाण्याइतकी काटेकोर पाळायची, सुराला मात्र स्पर्श करून लगेच वर किंवा खाली निसटायचे, ही शोनबर्ग यांची सूचना वाचून दाखवलीत. कीर्तनकार निरूपणातून आर्येकडे वळतात तसेच हे, असे मी म्हणाले, तेव्हा तिथली लय कीर्तनकाराच्या हाती असते आणि इथली कागदावर बांधलेली, हा फरक आपण शांतपणे समजावलात.

तरी मनात घर करून राहिली ती एक लहानशी कृती. ‘चंद्र’ म्हणताना मी पेटीची पट्टी दाबून धरत असे आणि आवाज त्या सुराला चिकटून बसत असे. ‘चं’ उमटताच आपण काही न बोलता माझे बोट पट्टीवरून अलगद उचललेत. आधार सुटला आणि ‘द्र’ आपसूक खाली घसरला. मी पुन्हा पट्टी दाबून धरली की आपण पुन्हा बोट उचलत होतात, तितक्याच हळुवारपणे, चेहऱ्यावर वैतागाची रेघही न आणता. समोरच्याला न दुखावता त्याची चूक दुरुस्त करणारी माणसे आपल्या सीमाभागात आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

खानापूरच्या एका मुलीलाही ‘धड गात नाहीस, धड बोलत नाहीस’ असे ऐकवून परत पाठवले आहे. आपली परवानगी असेल, तर येत्या रविवारी तिला आपल्याकडे घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी