पक्षकाराला समजेल असे बोल: वकील मुलीस पत्र

कऱ्हाड

चि. मधुरा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

वाटपाच्या दाव्यात तुझ्या पक्षकाराच्या सरतपासाचे, म्हणजे त्याने स्वतःच्या बाजूने द्यायच्या साक्षीचे, प्रतिज्ञापत्र तयार झाले असून येत्या तारखेला ते दाखल होईल आणि त्यानंतर उलटतपास सुरू होईल, असे तू फोनवर सांगितलेस. ज्येष्ठ वकिलांनी एका साक्षीदाराची संपूर्ण जबाबदारी प्रथमच तुझ्यावर सोपवली, याचा तुझ्या आईला आणि मला फार आनंद झाला. परंतु त्याच बोलण्यात त्या वृद्ध पक्षकाराविषयी तू असेही म्हणालीस की, "आजोबांना त्यातले काही कळणार नाही, त्यांनी फक्त सही करायची आहे." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे सारे आयुष्य वकिलांचा कारकून म्हणून गेले. मी कधी कोर्टापुढे उभा राहिलो नाही, पण कोर्टाच्या व्हरांड्यात जे घडते ते माझ्याइतके जवळून फार थोड्या वकिलांनी पाहिले असेल. वकीलसाहेब पुकारा झाल्यावर आत जात, बाहेर येऊन "से आला नाही, मॅटर एक्झिबिट फाइव्हवर ठेवलंय" (से म्हणजे समोरच्याचे लेखी म्हणणे) एवढे सांगून दुसऱ्या कोर्टात निघून जात, आणि मग पक्षकार माझ्याकडे वळून विचारत, "भाऊ, साहेब काय म्हणाले?" फी भरून, वकीलपत्रावर सही करून, एसटीने दोन तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला स्वतःच्याच दाव्यात आज काय झाले हे तिसऱ्या माणसाकडून समजून घ्यावे लागावे, हे मला तेव्हाही योग्य वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही.

निशाणी 5 चेच, म्हणजे त्या एक्झिबिट फाइव्हचेच, घे. आपल्याकडे दाव्यासोबत दिलेल्या तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला बहुधा हाच क्रमांक पडतो, त्यामुळे वकील, कारकून, शिरस्तेदार सगळे त्याला नावाऐवजी क्रमांकानेच ओळखतात. "एक्झिबिट फाइव्ह मंजूर झाला" एवढेच ऐकून गावी परतणारा पक्षकार आपण दावा जिंकलो असे समजतो, भावकीत तसे सांगतो, कधी पेढेही वाटतो आणि पुढच्या तारखांना येण्याचे टाळू लागतो. वास्तविक दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत समोरच्याने जमीन विकू नये किंवा वहिवाटीला अडथळा करू नये, एवढाच तो हुकूम असतो. जमीन कोणाची हे अद्याप ठरायचे असते आणि त्याचा पुरावा अजून द्यायचा असतो. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न दिल्यामुळे वादी गैरहजर राहून दावा काढून टाकला गेल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. आणि तो परत बोर्डावर घेण्यासाठी 30 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, हेही त्या माणसाला मुदत उलटून गेल्यावर कळते.

आता तुझ्या प्रतिज्ञापत्राकडे येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत 2002 साली दुरुस्ती होण्यापूर्वी साक्षीदाराचा सरतपासही पिंजऱ्यातच होत असे. वकील प्रश्न विचारीत, साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देई आणि न्यायाधीश ते लिहून घेत. तेव्हा शब्द त्या माणसाचे स्वतःचे असत. आता आदेश 18, नियम 4 प्रमाणे सरतपास प्रतिज्ञापत्रावर दिला जातो, म्हणजे मजकूर वकिलाच्या कार्यालयात तयार होतो आणि त्यावर शपथ मात्र पक्षकार घेतो. कोर्टाचा बराच वेळ यामुळे वाचला हे खरे आहे. पण तुझी जबाबदारी त्याच प्रमाणात वाढली, कारण उलटतपासात तू त्यांच्या शेजारी उभी नसशील आणि तुझ्या प्रत्येक शब्दाचा जाब त्या आजोबांना विचारला जाईल.

तू मला वाचून दाखवलेला परिच्छेद असा होता: "वादी व प्रतिवादी हे एकत्र हिंदू कुटुंबाचे सहदायाद असून दावा मिळकतींचे सरसनिरस मानाने वाटप झालेले नाही." म्हणजे सगळे एकत्र कुटुंबातले हिस्सेदार आहेत आणि जमिनीची रीतसर वाटणी झालेली नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. परंतु समोरचे अनुभवी वकील अत्यंत मृदू आवाजात विचारतील, "आजोबा, तुम्ही तिघे भाऊ गेली कित्येक वर्षे आपापला तुकडा वेगवेगळा कसता, हे खरे ना?" आजोबा खरे बोलणारे आहेत, ते म्हणतील, "होय, ज्याचं तो कसतोय." तेवढ्या एका उत्तरावर वाटप पूर्वीच झाल्याची कबुली मिळाल्याचा युक्तिवाद उभा राहील. सोयीसाठी वेगवेगळी वहिवाट करणे आणि जमिनीचे कायदेशीर वाटप होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तुला पक्के ठाऊक आहे. आजोबांना ते कोणी सांगितलेच नाही. तू त्यांच्यासमोर बसून "जमीन आजपर्यंत कोणी, कशी कसली ते मला सांगा" असे साध्या शब्दांत विचारले असतेस, तर ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली असती आणि सोयीच्या वहिवाटीचा खुलासा प्रतिज्ञापत्रातच आला असता. दावापत्रात हा खुलासा आहे की नाही हेही एकदा पाहून घे, कारण तिथे पाया नसेल तर साक्षीत तो नव्याने आणलेला दिसेल.

सोप्या बोलण्याची गरज पक्षकाराला असते असे तुम्ही तरुण वकील समजता, पण त्याची खरी गरज वकिलालाच असते. ज्या माणसाला आपले शब्द कळत नाहीत तो मान डोलावतो आणि गप्प बसतो, आणि दाव्याचा निकाल फिरवणारी हकीकत त्याच्या पोटातच राहते. समोरच्या वकिलाला ती भावकीकडून आधीच कळलेली असते.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेने मराठी झाली. "आमचे कामकाज मराठीतच आहे, मग अडचण कसली?" असे तू म्हणशील. अडचण अशी की कैफियत, कुलमुखत्यार, दरोबस्त, निरंतर मनाई हे शब्द मराठी कागदावर असले तरी जत किंवा माण तालुक्यातील शेतकऱ्याला ते इंग्रजीइतकेच दूरचे असतात. मसुद्यात ते शब्द राहू देत; त्यांना कायद्याने ठरलेला अर्थ आहे आणि तो सोपेपणाच्या हौसेने ढिला करणे घातक ठरेल. माझे सांगणे मसुद्याविषयी नाही, मसुदा समोर ठेवून तू जे बोलशील त्याविषयी आहे.

हे सर्वांत अधिक सांभाळायचे ते हक्कसोडपत्राच्या वेळी. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये (तेव्हा अविवाहित असलेल्यांना) आणि केंद्राच्या कायद्याने 9 सप्टेंबर 2005 पासून (सर्वांना) दिला, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केले. एवढे होऊनही "वारसनोंदीसाठी सही लागते" असे सांगून बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जाते, आणि त्या भावावरील मायेने अंगठा किंवा सही देऊन माहेरचा चहा घेऊन परततात. तुझ्यासमोर अशी बाई आली, तर भाऊ फी देत असला तरी तिला बाजूला बसवून एवढे स्पष्ट सांग: "ताई, वारसनोंदीला हा कागद लागत नाही. यावर सही केली की या शेतातला तुमचा हिस्सा भावाचा होईल आणि पुढे मन बदलले तर तो परत मागणे फार अवघड जाईल." हे ऐकूनही तिने आनंदाने सही केली, तर तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान राख. फेरफाराविषयीही असेच आहे. सातबाऱ्यावर नाव लागले की मालकी पक्की झाली असा सार्वत्रिक समज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे ती नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते, हे सांगणारा वकील अनेकांना कधी भेटतच नाही.

लोकअदालतीतील तडजोडीबाबत एकच सांगतो. तेथील निवाड्यावर अपील नसते. सही होण्यापूर्वी पक्षकाराला हे वाक्य याच शब्दांत ऐकू येऊ दे.

वाईट बातमी देताना मात्र धीर धर. दावा फेटाळला गेला की अनेक वकील "अपिलात पाहू, ग्राउंड्स स्ट्राँग आहेत" असे म्हणून शब्दांच्या आड उभे राहतात. तू "आपण हरलो" असे म्हण, का हरलो ते सांग, जिल्हा न्यायालयात अपील करायचे असल्यास 30 दिवसांची मुदत आहे हे सांग, आणि "तीस दिवस" एवढ्यावर न थांबता शेवटची तारीख कागदावर लिहून दे. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो, परंतु त्या भरवशावर पक्षकाराला ठेवू नकोस. नकलेचा अर्ज त्याच दिवशी कर.

पक्षकाराला पढवावे असे मी सुचवत नाही, हे नीट लक्षात घे. कोणते उत्तर द्यायचे हे सांगणे गैर आहे आणि पढवलेला साक्षीदार उलटतपासात टिकतही नाही. त्याच्या नावाने जे लिहिले आहे ते त्याला कळणे हा त्याचा हक्क आहे, तेवढेच तू करायचे आहेस. "समजले का?" असे विचारू नकोस, त्याला उत्तर नेहमी "होय" असेच मिळते. "आता हेच मला तुमच्या भाषेत सांगा" असे म्हण आणि मध्ये न बोलता ऐक. जिथे ते अडखळतील किंवा काही वेगळेच सांगतील, तिथे तुझा परिच्छेद दुरुस्तीला आला आहे असे समज.

तारखेला अजून आठवडा आहे. आजोबांना शनिवारी कार्यालयात बोलाव, अर्ध्या तासावर त्यांना घाईने उठवू नकोस, आणि गट नंबराऐवजी शेतांची गावातली नावे वापर, कारण गट नंबर त्यांच्या तोंडी बसलेले नसतील. सोबत त्यांच्या मुलालाच बोलणे करू देऊ नकोस. साक्ष आजोबांची आहे. दुरुस्त केलेले प्रतिज्ञापत्र पुन्हा छापून झाले की त्यांना संपूर्ण वाचून दाखव आणि मगच सही घे.

आईने तुझ्यासाठी मेतकूट आणि लोणचे काढून ठेवले आहे. या महिन्यात कोर्टाला सुट्टी लागून आली तर ये.

तुझा,
बाबा