खेकडे पावसात, पाहणी उन्हाळ्यात

संपादक महोदय,

पाऊस सुरू झाला की सह्याद्रीतल्या जांभळ्या, केशरी खेकड्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकू लागतात. त्यांतले काही ‘घाटियाना’ प्रजातीचे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या अनेक जातींच्या गटातले, असतात. एस. के. पती आणि आर. एम. शर्मा यांनी २०१४मध्ये ही प्रजाती नोंदवली. २०१६मध्ये महाराष्ट्राच्या घाटांतून गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती जाहीर झाल्या, त्यांतल्या दोन घाटियानाच्या होत्या. २०२२मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातून पांढऱ्या-जांभळ्या रंगाची आणखी एक जात नोंदली गेली.

हे खेकडे नदीत कमी आणि जांभा दगडाच्या भोकांत, कपारींत जास्त राहतात. समुद्री खेकड्यांची पिल्लं पाण्याबरोबर दूरवर वाहत जातात, यांचं तसं नाही. मादी अंडी पोटाखाली बाळगते आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडतात. ते फार लांब पांगत नाहीत, त्यामुळे एखादी जात एवढ्याशा टापूपुरती असू शकते. तिथला कातळ फोडला तर तिला दुसरीकडे घर नाही.

आता सरकारी कागद पाहा. खाणींच्या पर्यावरण आघात अहवालासाठी केंद्राच्या नमुना अटींत एका हंगामाची माहिती मागितलेली असते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. हवा-धूळ मोजायला ते ठीक असेल, पण त्याच अटीत वनस्पती आणि प्राणीही येतात. मे महिन्यात तापलेल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, फिरणाऱ्याला खेकडा दिसणार कुठून? तो भोकात खोल बसलेला. मग अहवालात तो येतच नाही. बेडूक आणि सड्यावरची फुलं यांचीही तीच गत.

एरवी आपल्याला खेकडा आठवतो तो रश्श्यात, नाहीतर २०१९मध्ये तिवरे धरण फुटल्यावर खापर फोडायला!

घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या सड्यांवरच्या खाणींसाठी, घाटरस्त्यांच्या रुंदीकरणासाठीही, जून ते सप्टेंबरमधली जीवसृष्टीची पाहणी सक्तीची करावी. ती रात्रीही व्हावी आणि बत्ती घेऊन खेकडे धरायला जाणाऱ्या गावकऱ्यांना मजुरी देऊन सोबत घ्यावं. कोणत्या बिळात काय आहे, हे त्यांना ठाऊक असतं. केंद्राने अट बदलेपर्यंत राज्याच्या पर्यावरण खात्याने निदान आपल्याकडे येणाऱ्या प्रस्तावांना तरी हे लागू करावं.

– एक वाचक, सिंधुदुर्ग