वाई ते मेणवली चालत जा की!

महोदय,
सुट्टीत वाईला येणारे लोक ढोल्या गणपतीला हात जोडतात, पुलावर सेल्फी काढतात आणि गाडी थेट पाचगणीच्या घाटाला लावतात. अहो, इथून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर, चढ असा नाहीच, कृष्णेच्या बाजूबाजूने आजी-आजोबासुद्धा गप्पा मारत आरामात जातील असं अंतर आहे. निघायच्या आधी गणपतीच्या देवळाची मागची भिंत मात्र नक्की बघा, माशासारखी निमुळती बांधलीये, पुराचं पाणी आदळलं की दोन बाजूंना फुटून जावं म्हणून!

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याच्या मागे दगडी घाट आणि घाटावर ती मोठी घंटा. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हाची पोर्तुगीज घंटा आहे ही, अंगावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले, आणि टांगलीये कुठे तर महादेवाच्या देवळापाशी! मला तर वाड्यापेक्षा तीच जास्त आवडते.

फक्त हे चालत बघायचं तर रस्त्यावर गाड्या अशा सुसाट येतात की पोराचा हात सोडायची सोय नाही, म्हणून म्हणतो, एका बाजूने साधी पायवाट, दोन-चार बाकडी आणि एक पाटी एवढं तरी करा. पेव्हर ब्लॉक नकोत, प्लीज, मातीच बरी. आणि पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर कुणी उतरू नका, शेवाळ फार असतं.

– एक वाचक, वाई