क्लबमधल्या ताईस, लॅपटॉप माझ्याकडे सरकवल्याबद्दल

ताई,

तोंडावर सांगायला गेले तर 'चल, काहीतरीच काय!' म्हणून उडवून लावशील, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

विद्यापीठातल्या आपल्या ब्लॉकचेन क्लबात आले तेव्हा मी आधीच पोळलेली होते. एका कार्यशाळेत 'ब्लॉक म्हणजे नेमकं काय?' असं विचारलं, तर तिथले सर म्हणाले, 'ते डेव्हलपर बघतील, तुम्ही आधी क्रिप्टोचं वॉलेट उघडा.' मग रेफरल कोड, मग 'आत्ता घेतलंत तर घेतलंत'. प्रमाणपत्र मात्र हातोहात मिळालं. (अजून आहे. फेकवत नाही, दाखवतही नाही.)

तोच प्रश्न तुला विचारला तेव्हा मागून कोणीतरी फिसकन हसलं. आर्ट्सवाली ना मी! तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. लॅपटॉप माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालीस, 'तुझं नाव टाईप कर.' आजवर लॅबमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावरून स्क्रीन बघणं एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं. नाव टाईप केलं. एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून ६४ अक्षरांची ओळ, म्हणजे त्या नावाचा हॅश, बाहेर पडली. 'आता पहिली वेलांटी दुसरी कर.' केली, तर अख्खी ओळच निराळी! मग तू एवढंच म्हणालीस की प्रत्येक ब्लॉकात, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, मागच्या ब्लॉकाचा असा हॅश असतो. जुन्या नोंदीत कोणी हात घातला की पुढचं सगळं का बोंबलतं, ते माझं मलाच कळलं.

पुढे सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये आलेला बिटकॉइनचा तो नऊ पानी निबंध तू आमच्याबरोबर वाचलास, आणि अडलं तिथे 'मलाही हे नीट कळलेलं नाही' म्हणायला कधी लाजली नाहीस. पहिला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) इथेरियम या ब्लॉकचेनच्या टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या नेटवर्कवर, चढवायला लावलास, जिथल्या इथर या चलनाला काडीची किंमत नसते. कोणतं कॉइन घेऊ, असं कुणी विचारलं की विषय बदलायचीस. वॉलेटच्या गुप्त शब्दांबद्दल तर 'सीड फ्रेज मी मागितली तरी द्यायची नाही' हे इतक्यांदा बजावलंस की झोपेतही म्हणून दाखवेन.

हुशार माणसं पुष्कळ भेटली गं. स्वतःची हुशारी बाजूला ठेवून समोरच्याच्या हातात कीबोर्ड देणारं माणूस विरळा. आणि त्याला ना पद लागतं, ना प्रमाणपत्र.

नोकरी लागली म्हणून सुटलीस असं समजू नकोस. मर्कल ट्रीचं (हॅशांच्या झाडाचं) सत्र तुझ्याकडे अजून बाकी आहे.

तुझी,
क्लबमधली ज्युनिअर