विड्या वळणारा मुलगा 'निवडून' आला

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

केरळमधल्या कासारगोडला विड्या वळणारा मुलगा अमेरिकेत न्यायाधीश झाला, ही सुरेंद्रन पट्टेल यांची गोष्ट दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत येते. परवा आमच्या कट्ट्यावर ती पुन्हा वाचली गेली. माझी आई सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू आणि दोरा. दिवसाला हजाराच्या हिशोबानं काम. कारखान्यात माल मोजून घेताना मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला पडायच्या, त्यांचे पैसे नाहीत. तेव्हा विड्या वळून शिकणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पण या गोष्टीतली एक बाब कायम गाळली जाते. पट्टेल यांना कोणी नेमलेलं नाही, ते निवडून आले आहेत.

मी जन्मभर कोर्टात नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीश मतं मागत फिरतो हे माझ्या पचनी पडेना. 2022 च्या ऑक्टोबरात मुलाकडे टेक्सासमध्ये शुगर लँडला होतो. ते गाव फोर्ट बेंड काउंटीत, म्हणजे पट्टेल उभे होते तिथलंच. चौकाचौकांत गवतात तारेच्या पायांवर पाट्या रोवलेल्या आणि त्यांत जजच्या पाट्या कितीतरी! मुलगा मत देऊन आला. एवढ्या जजांतला कोण बरा, हे कसं ठरवलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बाबा, नावाबरोबर पक्ष लिहिलेला असतो ना."

एकाच बटणावर पक्षाची अख्खी यादी निवडायची सोय तिथे 2020 मध्ये बंद झाली, पण सवय कुठे जाते? शेजारच्या हॅरिस काउंटीत 2018 च्या डेमोक्रॅटिक लाटेत रिपब्लिकन जज सरसकट घरी गेले. कोणाचे निकाल चांगले होते, कोणाचे नव्हते, ते कोण बघणार! पैशाचं तर विचारूच नका. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं 2004 मध्ये एका उमेदवाराच्या विजयासाठी सुमारे 30 लाख डॉलर ओतले. तेच न्यायमूर्ती पुढे त्या कंपनीच्या अपिलावर बसले. त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला 2009 मध्ये सांगावं लागलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

आमच्या सोलापूरच्या कोर्टात शिपाई असलेले सुशीलकुमार शिंदे मतांच्या बळावर मुख्यमंत्री झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण समोर उभ्या पक्षकारानं आपल्याला मत दिलं होतं का, असा विचार ज्याच्या मनात येऊ शकतो, असा न्यायाधीश मला नको.

तरीही पट्टेल यांच्या वाटचालीत एक गोष्ट मला गप्प करते. 2007 मध्ये परिचारिका पत्नीबरोबर ते ह्यूस्टनला गेले. इथे वकिली केलेली असूनही तिथे किराणा दुकानात काम केलं, नव्यानं वकिलीची परीक्षा दिली. 2017 मध्ये नागरिक झाले, 2020 ला उभे राहून हरले. 2022 ला आधी स्वतःच्याच पक्षाच्या विद्यमान न्यायाधीशाला प्राथमिक फेरीत हरवलं, मग नोव्हेंबरची निवडणूक जिंकली. उच्चारांवरून टीका झाली ती वेगळीच. 2023 च्या जानेवारीत खुर्चीवर बसले तेव्हा वय 51.

आपल्याकडे वकिलाला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेचं दार पस्तिशीनंतर बंद होतं, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत सोडली तर. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीलाही वयाची मर्यादा आहेच. त्यात आता सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालानं परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. ती योग्यच आहे, पण मग वरची मर्यादाही सैल करायला नको का?

बार रूममध्ये उशिरा शिकलेले, चाळिशी उलटलेले, कायदा तोंडपाठ असलेले वकील मी वर्षानुवर्षं पाहिले. त्यांतल्या एकाची आई माझ्या आईशेजारी बसून विड्या वळायची.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार, सोलापूर